आधी ओळी दाखवा, मग बेरीज सांगा

मंडळी, आजचं लिखाण भांडणाचं आहे. भांडण कुणा माणसाशी नाही, एका सवयीशी आहे. क्रमाने घडलेल्या गोष्टींचा डेटा हाती आला की आधी त्याची सरासरी काढायची, सरासरीची एक गुळगुळीत रेघ ओढायची, ती पडद्यावर लावायची आणि 'ट्रेंड' म्हणून तिच्या जोरावर निर्णय घ्यायचे, ही ती सवय. आमच्या संगणकवाल्यांच्या धंद्यात ती इतकी मुरली आहे की त्यात काही खटकण्यासारखं आहे असं कुणाला वाटतच नाही. मला वाटतं. नाशिकमध्ये राहून कांद्याचे आलेख बघायला लागल्यापासून तर जास्तच वाटतं.

माझं म्हणणं एका वाक्यात सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटत नाही त्यांना आत्ताच भांडायला सुरुवात करता येईल :-) क्रमाचा डेटा दाखवताना आधी मूळ ओळी दाखवा, मग बेरीज सांगा. ओळी लपवून नुसती बेरीज दाखवणारा आलेख अर्धवट असतो, आणि त्यावर कुणाच्या पोटापाण्याचा निर्णय होणार असेल तर तो धोक्याचा असतो.

आता 'क्रमाचा डेटा' म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण 'सीक्वेन्स' म्हटलं की लोकांना एकदम डीएनए आठवतो. ते बरोबरच आहे, पण क्रम काही फक्त जीवशास्त्रात नसतो. एखाद्या मुलाची दहावी, मग आयटीआय, मग आठ महिने घरी, मग सातपूरच्या एखाद्या कारखान्यात नोकरी, हाही क्रमच. एखाद्या सर्व्हरची रात्र: चालू, चालू, संथ, बंद, चालू. एखाद्या शेतातल्या उन्हाळ कांद्याचे महिने: रोप, लागवड, काढणी, चाळ, विक्री. या सगळ्यांत दर टप्प्याला एक 'अवस्था' असते, आणि कुठली अवस्था कुठल्या अवस्थेनंतर आली यातच सगळी गोष्ट असते. आधी बेकारी मग नोकरी, आणि आधी नोकरी मग बेकारी, या दोन आयुष्यांची महिन्यांची बेरीज अगदी सारखी येऊ शकते. पण ज्याच्यावर वेळ आली त्याला विचारा दोन्ही सारखी आहेत का!

गंमत म्हणजे हे तंत्र समाजशास्त्राला जीवशास्त्राकडूनच मिळालं. १९७० मध्ये नीडलमन आणि वुन्श यांनी दोन प्रथिनांच्या साखळ्या शेजारी-शेजारी ठेवून त्या किती जुळतात हे मोजायची पद्धत दिली. १९८० च्या दशकात अँड्र्यू अॅबट या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने विचार केला की साखळी जुळवता येते तर माणसांच्या नोकऱ्यांचा क्रम का जुळवता येऊ नये? तिथून पुढे हा विषय वाढला.

आज हे काम करायचं झालं तर सगळ्यात आधी ज्याचं नाव निघतं ते 'आर' या संख्याशास्त्राच्या भाषेतलं 'ट्रामाइनआर' नावाचं पॅकेज. जिनिव्हा विद्यापीठातल्या गाबादिन्यो, रित्शार, म्यूलर आणि श्टूडर या चौघांनी ते उभं केलं आणि २०११ मध्ये 'जर्नल ऑफ स्टॅटिस्टिकल सॉफ्टवेअर' मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिला. नावाचा अर्थ 'आयुष्याच्या वाटांची खाण खणणारा', पण कर्त्यांनीच सांगून ठेवलंय की त्या नावामागे गेवुर्झट्रामिनर या वाइनची आवडही आहे. म्हणजे द्राक्षाच्या एका जातीवरून नाव पडलेलं हत्यार, आणि आपण राहतो द्राक्षांच्या जिल्ह्यात. नाशिककरांनी हे पॅकेज डाऊनलोड करायला एवढं कारण पुरे आहे.

आता या पॅकेजमध्ये चित्रं काढायची बरीच फंक्शन्स आहेत. सगळ्यांची नावं सारखीच, मधलं अक्षर बदलतं. भांडणाला उपयोगी पडतील तेवढीच सांगतो.

पहिलं, मोठ्या 'आय'चं. प्रत्येक व्यक्तीची (किंवा शेताची, सर्व्हरची) एक आडवी ओळ. डावीकडून उजवीकडे काळ सरकतो, अवस्था बदलली की रंग बदलतो. शंभर माणसं असतील तर शंभर ओळी. यात काहीही गाळलेलं नसतं.

दुसरं, लहान 'आय'चं. दिसायला तेच, पण आपण वेगळं सांगितलं नाही तर ते फक्त पहिल्या १० ओळी काढतं. पहिल्या म्हणजे कुणाच्या? तर फाइलमध्ये आधी आल्या त्यांच्या. फाइल तालुक्याच्या नावानुसार लावलेली असेल तर झालं कल्याण.

तिसरं, 'डी'चं. दर महिन्याला एक उभा खांब, त्यात त्या महिन्यात किती टक्के लोक कुठल्या अवस्थेत होते ते रंगांनी. खांब एकमेकांना चिकटवले की समुद्राच्या लाटांसारखं छान चित्र तयार होतं. अहवालात आणि सादरीकरणात लोकांना हेच आवडतं.

चौथं, 'एफ'चं: सगळ्यात जास्त वेळा आलेले १० क्रम. क्रम लांब असले की जवळजवळ प्रत्येकाचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे हे १० मिळून एकूण लोकांपैकी थोड्याच टक्क्यांचं प्रतिनिधित्व करतात. तो टक्का उभ्या अक्षावर प्रामाणिकपणे छापलेला असतो. वाचतं कोण?

पाचवं, 'एमटी'चं: सरासरी माणसाने प्रत्येक अवस्थेत किती वेळ काढला. इथे क्रम पूर्णच गेला.

माझा राग तिसऱ्या चित्रावर आहे. चित्र वाईट आहे म्हणून नाही, ते एकटंच फिरतं म्हणून. लाटांचं चित्र पाहिलं की डोळा आडवा जातो. निळी पट्टी डावीकडून उजवीकडे जाड होत गेलेली दिसली की आपण म्हणतो, "वा, लोक हळूहळू निळ्यात आले आणि तिथे स्थिरावले." हे त्या चित्रात लिहिलेलंच नाही! त्या चित्रात प्रत्येक खांब स्वतंत्र आहे. या महिन्याच्या खांबात निळ्यात असलेली माणसं आणि पुढच्या महिन्याच्या निळ्यातली माणसं तीच आहेत, असं कुणीही म्हटलेलं नाही. पॅकेज लिहिणाऱ्यांनीही नाही. ते आपलं आपण धरून चालतो.

उदाहरण घेऊ. चार शेतकरी, चार हंगाम. प्रत्येक हंगामात एकतर नफा (न) नाहीतर तोटा (त).

पहिलं गाव:
पहिला: त त त त
दुसरा: त त त त
तिसरा: न न न न
चौथा: न न न न

दुसरं गाव:
पहिला: त न त न
दुसरा: न त न त
तिसरा: त त न न
चौथा: न न त त

आता उभे खांब मोजा. दोन्ही गावांत प्रत्येक हंगामात दोघे तोट्यात, दोघे नफ्यात. 'डी'चं चित्र दोन्ही गावांचं हुबेहूब सारखं येईल, अर्धं लाल अर्धं हिरवं, चारही हंगाम. सरासरीची रेघही सारखी, सरळसोट. पण पहिल्या गावात दोन घरं बुडाली आहेत. दुसऱ्या गावात प्रत्येक घराने दोनदा खाल्लं आणि दोनदा कमावलं. दुसऱ्या गावाला वाईट वर्षापुरतं कर्ज मिळालं तरी निभेल. पहिल्या गावातल्या त्या दोघांना कर्ज दिलं तर ते आणखी खोल जातील, त्यांचा प्रश्नच वेगळा आहे. पाणी असेल, जमीन असेल, चाळ नसेल. दोन गावांना दोन वेगळ्या योजना लागतात, आणि आपलं सुंदर चित्र म्हणतं की दोन्ही गावं एकच आहेत.

हा काही कागदी खेळ नाही. ट्रामाइनआरबरोबर सरावासाठी जो डेटा येतो त्यात उत्तर आयर्लंडमधल्या ७१२ तरुणांचे जुलै १९९३ पासूनचे ७२ महिने आहेत: शाळा, पुढचं शिक्षण, उच्च शिक्षण, प्रशिक्षण, नोकरी, बेकारी. लाटांचं चित्र काढलं की वाटतं, शाळा ओसरली, नोकरी भरली, सगळं मार्गी लागलं. सगळ्या ओळी काढल्या की काही ओळींत बेकारीचा पट्टा लांबच लांब जाताना दिसतो. ती ठरावीक मुलं आहेत. धोरण त्यांच्यासाठी करायचं असतं, आणि लाटांच्या चित्रात नेमकी तीच एका पातळ पट्टीत विरघळून जातात.

आता कांद्याकडे येऊ. बाजारभावाची सरकारी संकेतस्थळं रोज प्रत्येक बाजार समितीची आवक आणि तीन आकडे देतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर. लासलगावला एका दिवसात शेकडो वाहनं लागतात, प्रत्येकाचा लिलाव वेगळा, प्रत्येकाची हिशोबपट्टी वेगळी. त्या सगळ्याचे होतात तीन आकडे. मग वर्तमानपत्रं आणि डॅशबोर्डवाले त्यातला एकच उचलतात, सर्वसाधारण. त्याची होते रेघ. निफाड तालुक्यात माझे मामा कांदा करतात. त्यांना एकदा मी अशीच रेघ दाखवून म्हटलं, "मामा, यंदा सरासरी भाव तर बरा होता की." मामा म्हणाले, "सरासरी कुणाला मिळते रे भाच्या? मला तर त्या दिवशीचा मिळतो." आणि आपली वही पुढे केली. वहीत प्रत्येक ट्रॉलीची एक ओळ: तारीख, वजन, भाव, आणि मध्येच कुठे 'मार्केट बंद, माल परत आणला'. डेटाचं कसलंही शिक्षण न घेतलेल्या माणसाने अवस्थांचा क्रम अचूक नोंदवला होता, कारण त्याला तो जगायचा होता.

त्या 'मार्केट बंद' वर जरा थांबू, कारण हत्यारांची खरी परीक्षा इथे होते. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं आणि निषेध म्हणून नाशिक जिल्ह्यात काही दिवस लिलाव थांबले. सप्टेंबरमध्ये व्यापाऱ्यांच्या बंदमुळे ते पुन्हा आठवड्याहून जास्त थांबले. या दिवसांचा भाव काय? काहीच नाही, कारण सौदाच झाला नाही. आता ही फाइल घेऊन आरमध्ये किंवा साध्या स्प्रेडशीटमध्ये रेघ ओढा. त्या दिवसांच्या ओळीच फाइलमध्ये नसतील तर संगणक बंद पडण्याच्या आदल्या दिवसाचा ठिपका आणि पुन्हा सुरू झाल्याच्या दिवसाचा ठिपका सरळ जोडून टाकतो. बघणाऱ्याला वाटतं, मधले दिवस भाव शांतपणे चालला होता. चाळीत माल सडत होता, आणि पडद्यावर रेघ शांत. अवस्थांच्या ओळीत मात्र 'बंद' ही स्वतःच एक अवस्था असते, तिला स्वतःचा रंग असतो, आणि तो रंग लपवता येत नाही.

इथे ट्रामाइनआरलाही एक टोला द्यायला हवा. या पॅकेजमध्ये ओळीच्या शेवटी रिकाम्या जागा असतील तर, तुम्ही वेगळं सांगितलं नाहीत तर, ती ओळ तिथेच संपली असं धरलं जातं. आणि 'डी'च्या चित्रात टक्केवारी काढताना रिकाम्या जागा मोजल्याच जात नाहीत. त्या मोजायच्या तर तसं मुद्दाम सांगावं लागतं. माहितीपत्रकात हे सगळं स्वच्छ लिहिलेलं आहे, फसवणूक कुणी करत नाही. पण परिणाम काय होतो ते बघा. दहा शेतकऱ्यांपैकी चौघांनी तिसऱ्या वर्षी कांदा सोडला आणि त्यांची नोंद थांबली. उरलेल्या सहांपैकी चौघे नफ्यात. चित्र सांगणार, ६७ टक्के नफ्यात, परिस्थिती सुधारतेय! जो हरला तो भाजकातूनच गेला. म्हणून माझं म्हणणं आहे की कोरी जागा हीसुद्धा एक अवस्था म्हणून नोंदवा आणि तिला डोळ्यात भरेल असा रंग द्या.

आता मोठी ओळ काढून दाखवतो. यात शेतकरी नाही, खुद्द सरकार आहे. कांदा निर्यातीचं धोरण हाही अवस्थांचा क्रमच की! अवस्था चार: खुली, किमान निर्यात मूल्य, शुल्क, बंदी. तारखा अशा:

१३ सप्टेंबर २०१९: टनाला ८५० डॉलर किमान निर्यात मूल्य.
२९ सप्टेंबर २०१९: बंदी.
१५ मार्च २०२०: खुली.
१४ सप्टेंबर २०२०: बंदी.
१ जानेवारी २०२१: खुली.
१९ ऑगस्ट २०२३: ४० टक्के शुल्क.
ऑक्टोबर २०२३ अखेर: ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य.
८ डिसेंबर २०२३: बंदी, मुदत आधी ३१ मार्च २०२४ पर्यंत, मग पुढच्या आदेशापर्यंत.
४ मे २०२४: बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क.
१३ सप्टेंबर २०२४: किमान मूल्य रद्द, शुल्क २० टक्क्यांवर.
१ एप्रिल २०२५: शुल्क शून्य.

आधी याची बेरीज करू, म्हणजे सवयीप्रमाणे. सप्टेंबर २०१९ ते मार्च २०२५ हे सुमारे साडेसहासष्ट महिने. त्यात बंदीचे महिने साधारण साडेपाच, साडेतीन आणि पाच, म्हणजे १४. जवळपास एक पंचमांश. 'सरासरी वेळ'चं चित्र काढलं तर बंदीचा खांब बुटका आणि खुल्याचा खांब उंच दिसेल. कुणीही म्हणेल, पाच वर्षांत चार वर्षं तर बंदी नव्हती, मग ओरड कशाची?

आता ओळ बघा. तिन्ही वेळा पहिलं पाऊल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पडलं, आणि तिन्ही वेळा डिसेंबरमध्ये बंदी लागू होती. २०१९ चा डिसेंबर, २०२० चा डिसेंबर, २०२३ चा डिसेंबर. नाशिककराला हे समजावून सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये बाजारात येतो तो चाळीत साठवलेला उन्हाळ कांदा. साठा उतरणीला लागलेला असतो, भाव चढतात, शहरांत ओरड होते. डिसेंबरमध्ये भरून येतो तो खरिपाचा लाल कांदा, आणि तो टिकत नाही. काढला की विकायचाच. म्हणजे ज्या चढ्या भावामुळे पाऊल उचललं गेलं तो भाव ज्याच्या चाळीत माल होता त्याला मिळाला, आणि बंदीचा डिसेंबर आला तो ज्याला माल ठेवताच येत नाही त्याच्या वाट्याला. १४ महिने हा आकडा हे सांगत नाही. ते महिने कुठे पडले, एवढंच ते सांगू शकतं.

याच्या खाली पिकाची ओळ ठेवली की आणखी उलगडतं. २०२३-२४ चा उन्हाळ कांदा घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोप टाकलं तेव्हा धोरण शुल्कावरून ८०० डॉलरकडे चाललं होतं. डिसेंबर-जानेवारीत लागवड केली तेव्हा बंदी. मार्च-एप्रिलमध्ये काढणी, बंदीच. आणि मुदत संपेल म्हणून ज्यांनी ३१ मार्चकडे डोळे लावले होते त्यांना ती वाढलेली दिसली. मे पासून चाळ, तेव्हा ५५० डॉलर अधिक ४० टक्के. सप्टेंबरच्या मध्यानंतर चाळीतला उरलेला माल काढला तेव्हा २० टक्के. एक पीक, एक शेत, आणि रोपापासून विक्रीपर्यंत नियम चार-पाचदा बदलले. रोप टाकताना तो शेतकरी कुठल्या नियमाच्या भरवशावर गणित मांडणार होता?

अशा दोन-दोन, तीन-तीन ओळी एकाखाली एक ठेवून बघायची सोयही आरमध्ये आहे. ट्रामाइनआर अनेक क्षेत्रांच्या क्रमांमधलं अंतर एकत्र मोजतं, आणि हेल्स्के व हेल्स्के यांचं 'सेकएचएमएम' नावाचं पॅकेज (त्यांचा लेख २०१९ चा) असे थर रचून चित्र काढतं. हत्यारं तयार आहेत, फुकट आहेत. तरी आपण रेघा ओढत बसतो.

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. वरच्या ओळीवरून बंदीमुळे भाव किती पडले हे सिद्ध होत नाही. पाऊस असतो, इतर राज्यांतली आवक असते, बाहेरच्या देशांतलं पीक असतं. शहरातल्या गृहिणीचा हिशेबही खोटा नाही, महागाई तिलाही भोगावी लागते. ओळ काढल्याने उत्तर मिळत नाही. प्रश्न नीट विचारता येतो. 'बंदी किती महिने होती' या बिनकामाच्या प्रश्नाऐवजी 'बंदी पिकाच्या कुठल्या अवस्थेत पडली' हा कामाचा प्रश्न समोर येतो.

आता मला नेहमी ऐकवले जाणारे आक्षेप.

पहिला: "ओळी हजारो असतात हो, पडद्यावर मावत नाहीत." खरं आहे. पडद्याला हजारभर ठिपक्यांची उंची आणि ओळी वीस हजार असल्या तर ओळी एकमेकींवर चढतात, आणि कुठली दिसेल हे नशिबावर. पण यावर उपाय होऊन गेला. २०१४ मध्ये फासांग आणि लियाओ यांनी एक पद्धत मांडली: सगळ्या ओळी एका क्रमाने लावा, त्यांचे सारख्या आकाराचे गट करा, प्रत्येक गटातून त्या गटाला सगळ्यात जवळची अशी एक खरी ओळ निवडा, आणि शेजारी दाखवा की गटातल्या बाकीच्या ओळी तिच्यापासून किती लांब आहेत. यातली प्रत्येक ओळ कुणीतरी खरोखर जगलेली असते, सरासरीतून जन्मलेला काल्पनिक माणूस नसतो. आणि निवडीत किती गमावलं तेही शेजारीच छापलेलं. ट्रामाइनआरमध्ये ही सोय आहे. तेव्हा 'मावत नाही' हे कारण आता चालणार नाही.

दुसरा: "साहेबांना वेळ नसतो, त्यांना एक आकडा हवा असतो." हे मी इतक्या बैठकांत ऐकलंय की पाठ झालंय. अशाच एका बैठकीत (कुठली ते जाऊ द्या) मी सर्व्हरच्या रात्रींच्या ओळी घेऊन गेलो होतो, आणि मला सांगण्यात आलं की हे गोधडीसारखं दिसतंय, ९९ पॉइंट काहीतरी असा आकडा आणा. आकडा आणला. आकडा झकास होता. गोधडीत जे दिसत होतं, की दर सोमवारी पहाटे एकच सर्व्हर आधी संथ होतो आणि मग बंद पडतो, ते आकड्यात नव्हतं. साहेबांना वेळ नसेल तर आकडा जरूर द्या, पण गोधडीच्या खाली द्या. ती ज्याला वाचायची नाही तो नाही वाचणार, पण खोटा दिलासा तरी मिळणार नाही.

तिसरा: "ओळी दाखवल्या की माणसं ओळखू येतात." हा आक्षेप मला मान्य आहे. गावात कुणाचं पीक कधी बुडालं हे सगळ्यांना ठाऊक असतं, नाव खोडलं तरी ओळीवरून माणूस ओळखता येतो. म्हणून गटातून निवडलेल्या ओळी दाखवाव्यात, आठवड्यांऐवजी महिने घ्यावेत, गावांऐवजी तालुके. हे सगळं करता येतं. पण खाजगीपणाचं नाव पुढे करून तीनच आकडे द्यायचे, ही सोय शेतकऱ्याची नाही, देणाऱ्याची आहे.

चौथा आक्षेप कुणी बोलून दाखवत नाही, पण असतो: लाटांचं चित्र दिसायला चांगलं दिसतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. दिसतं खरं :-)

तर मागणी काय? संगणकावर काम करणाऱ्या आपल्या मंडळींकडे चार मागण्या आहेत, आणि चारही पुढच्या सोमवारपासून अमलात आणता येतील.

एक, क्रमाचा डेटा आला की पहिलं चित्र सगळ्या ओळींचं काढायचं, मोठ्या 'आय'चं. स्वतःसाठी तरी. एकदा सुरुवातीकडून लावून बघायचं आणि एकदा शेवटाकडून, कारण दोन्हींत वेगळं दिसतं. शेवटाकडून लावलं की सगळे तोट्यात संपलेले एकत्र येतात आणि ते तिथपर्यंत कसे पोचले ते मागे-मागे वाचता येतं.

दोन, 'बंद', 'नोंद नाही' आणि 'सोडून गेला' या तीन वेगळ्या अवस्था धरायच्या. तिघांना एकाच कोऱ्या जागेत कोंबायचं नाही.

तीन, रंग विचाराने निवडायचे. खुली, शुल्क, बंदी अशी चढत जाणारी अवस्था असेल तर रंगही फिक्याकडून गडदाकडे जाऊ द्या. लाल-हिरवा फरक ज्यांच्या डोळ्यांना कळत नाही अशी माणसंही आपलं चित्र बघतात, आणि तालुक्याच्या ऑफिसात ते काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवरच पोचतं.

चार, लाटांचं किंवा सरासरीचं चित्र छापलंच तर त्याच पानावर ओळींचंही छापायचं. दुसऱ्या पानावर नाही, परिशिष्टात नाही.

बाजार समित्या आणि सरकारी संकेतस्थळांकडे मागणी एकच. हिशोबपट्ट्या होतातच, त्यातली नावं काढा, आणि प्रत्येक सौद्याची ओळ खुली करा: तारीख, वजन, भाव, माल लाल की उन्हाळ. आणि लिलाव बंद असेल त्या दिवशी 'बंद' अशी नोंद करा, तो दिवस गाळू नका. एवढं झालं तर आमच्यासारखे हौशी लोक शनिवार-रविवारी बसून बाकीचं करतील. त्यासाठी टेंडर काढायची गरज नाही.

पुढच्या वेळी टीव्हीवर कांद्याच्या भावाची ती एकटी रेघ दिसली की एवढंच विचारा: ही रेघ कुणाची? उन्हाळवाल्याची की लालवाल्याची? बाजार बंद होता ते दिवस कुठे गेले? आणि ज्याने दोन वर्षांपूर्वी कांदा सोडला तो यात धरलाय का? समोरच्याला उत्तर देता आलं नाही, तर त्याने ओळी पाहिलेल्याच नाहीत असं खुशाल समजा.

असो. लांबलं बरंच. ज्यांना आर येतं त्यांनी वरच्या तारखांची ओळ स्वतः काढून बघावी, दहा मिनिटांचं काम आहे. आणि ज्यांना येत नाही त्यांनी चौकटीच्या वहीवर रंगीत पेन्सिलींनी काढावी. काही बिघडत नाही, आमच्या मामांचं वहीवरच चाललंय.